अल्डिहाइड की कीटोन? परीक्षानळीत उत्तर शोधण्याची सविस्तर रीत

समोर बिनरंगी द्रवाची छोटी बाटली आहे, चिठ्ठीवर फक्त नमुना क्रमांक आहे आणि सांगायचं एवढंच की आत अल्डिहाइड आहे की कीटोन. एनएमआर यंत्र (चुंबकीय क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन ओळखणारं) असेल तर हा प्रश्न उरतच नाही. अल्डिहाइडच्या हायड्रोजनची खूण ९ ते १० पीपीएमच्या आसपास, बाकीच्या गर्दीपासून लांब, एकटीच उभी दिसते. पण शिकताना आणि साध्या प्रयोगशाळेत काम चालतं ते परीक्षानळ्या, ड्रॉपर आणि गरम पाण्याचा बाथ एवढ्यावरच. तेवढ्यातही खात्रीचं उत्तर मिळतं. मात्र कुठल्याही एका चाचणीवर विसंबून चालत नाही. प्रत्येक चाचणी कुठे ना कुठे फसते, म्हणून क्रम असा लावायचा की एकीची उणीव दुसरीने भरून काढावी.

फरक नेमका कुठे

दोन्ही संयुगांत कार्बन आणि ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले असतात, म्हणजे कार्बोनिल गट असतो. कीटोनमध्ये त्या कार्बनला दोन्ही बाजूंनी कार्बनचेच गट चिकटलेले असतात. अल्डिहाइडमध्ये निदान एका बाजूला हायड्रोजन असतो. फॉर्माल्डिहाइडमध्ये तर दोन्ही बाजूंना. सगळा खेळ या एका हायड्रोजनचा आहे. तो असल्यामुळे अल्डिहाइडचं ऑक्सिडीकरण होऊन कार्बोक्झिलिक आम्ल सहज तयार होतं आणि त्यासाठी चांदीच्या किंवा तांब्याच्या आयनांसारखा सौम्य ऑक्सिडीकारकही पुरतो. कीटोनच्या बाबतीत कार्बन-कार्बन बंध तोडल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, त्यामुळे सौम्य ऑक्सिडीकारकांना तो दाद देत नाही.

दुसरा फरक जागेचा. हायड्रोजन लहान असल्याने अल्डिहाइडच्या कार्बोनिल कार्बनपर्यंत बाहेरचा रेणू सहज पोचतो. कीटोनमध्ये दोन गट वाट अडवून बसलेले असतात. टोलेन्स, फेलिंग आणि क्रोमिक आम्ल या चाचण्या पहिल्या फरकावर चालतात, बायसल्फाइट आणि शिफ या मुख्यतः दुसऱ्यावर.

सुरुवात करण्यापूर्वी

नमुन्याची नळी कधीही एकटी चालवू नका. प्रत्येक चाचणीला चार नळ्या लावा: एकीत नुसता अभिक्रियाकारक आणि द्रावक (ही कोरी नळी), एकीत ओळखीचा अल्डिहाइड, एकीत ओळखीचा कीटोन आणि चौथीत नमुना. बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोन ही जोडी बहुतेक ठिकाणी सापडते. फेलिंगसाठी मात्र बेन्झाल्डिहाइड चालत नाही, कारण पुढे येईलच. कोऱ्या नळीतही रंग बदलला तर अभिक्रियाकारक बिघडला आहे. ओळखीच्या अल्डिहाइडनेही काही दाखवलं नाही तर तो मेला आहे. हे न पाहता काढलेलं अनुमान म्हणजे अंदाजपंचे.

नळ्या धुतल्यावर लवकर वाळाव्यात म्हणून ॲसिटोनने खंगाळायची सवय सगळीकडे असते. या कामापुरती ती सोडा. तळाशी राहिलेला ॲसिटोनचा एक थेंब डीएनपी चाचणीत (कार्बोनिल गट ओळखणारी, पुढे पहिल्या पायरीत येणारी) सुंदर पिवळा साका देतो, आयोडोफॉर्म चाचणीतही हजेरी लावतो आणि मग नमुना काहीही असो, उत्तर 'मिथिल कीटोन' असंच येतं. नळ्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि ओव्हनमध्ये वाळवा.

नमुन्याचं वयही पाहावं लागतं. बेन्झाल्डिहाइड हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप बेन्झोइक आम्ल होत जातं. जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरे स्फटिक जमलेले दिसतात ते त्याचेच. असा नमुना आधी सोडियम कार्बोनेटच्या विरल द्रावणाबरोबर हलवून घ्या, थर वेगळे होऊ द्या आणि वरखाली पाहून सेंद्रिय थर वापरा. उलट बाजूने, कीटोनच्या बाटलीत अल्डिहाइडचा अंश मिसळलेला असेल तर टोलेन्समध्ये नळी फिकट करडी होते. अशा अर्ध्यामुर्ध्या निकालाला 'होकार' म्हणू नका.

बाष्पनशील नमुन्यांकडे लक्ष असू द्या. ॲसिटाल्डिहाइड साधारण २० अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे गरम दिवशी बाटली उघडताक्षणीच ते निघून जातं. बाटली बर्फात थंड करूनच उघडा, आणि ते उकळत्या पाण्यात ठेवून चाचणी घेऊ नका, कारण अभिक्रिया होण्याआधीच नळीतला पदार्थ हवेत गेलेला असेल. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो. त्यालाही उघड्या ज्योतीजवळ जागा नाही. सगळं तापवणं बाथमध्येच करा. चष्मा आणि हातमोजे घाला, आणि वास घ्यायचाच तर हाताने वाफ आपल्याकडे वारून घ्या.

पहिली पायरी: कार्बोनिल गट आहे तरी का?

अल्डिहाइड की कीटोन हे विचारण्याआधी, दोन्हींपैकी काहीतरी आहे हे ठरवावं लागतं. त्यासाठी २,४-डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिन, प्रयोगशाळेच्या बोलीत डीएनपी. याच्या द्रावणाला ब्रेडीचा अभिक्रियाकारक म्हणतात. डीएनपीचा अमिनो गट कार्बोनिलशी जोडला जातो, पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि न विरघळणारा हायड्रॅझोन खाली बसतो.

द्रावण असं करा: ३ ग्रॅम डीएनपी १५ मिलीलिटर संहत सल्फ्यूरिक आम्लात विरघळवा. २० मिलीलिटर पाणी आणि ७० मिलीलिटर ९५ टक्के इथेनॉल यांचं मिश्रण वेगळं घेऊन, ढवळत ढवळत त्यात हे आम्लाचं द्रावण हळूहळू सोडा आणि गाळून घ्या. कोरडं डीएनपी स्फोटक आहे, म्हणून ते पाण्याने ओलं ठेवूनच विकतात. डबा जुना होऊन भुकटी वाळली असेल, किंवा झाकणाच्या आट्यांत कोरडे कण अडकलेले दिसले, तर तो डबा उघडायच्या फंदात पडू नका. जबाबदार माणसाला दाखवा.

नमुन्याचे एक-दोन थेंब (घन असेल तर चिमूटभर) २ मिलीलिटर इथेनॉलमध्ये विरघळवा, त्यात २ मिलीलिटर अभिक्रियाकारक घाला आणि जोरात हलवा. बहुतेक वेळा साका लगेच पडतो. नाही पडला तर पंधरा मिनिटं थांबा, मग किंचित कोमट करून पुन्हा थंड होऊ द्या. काही मोठ्या कीटोनांचा हायड्रॅझोन आधी तेलासारखा सुटतो. काचकांडीने नळीच्या आतल्या बाजूला खरवडलं की स्फटिक धरतात.

साक्याचा रंगही काही सांगतो. शुद्ध पिवळा असेल तर कार्बोनिल गट साध्या साखळीवर असण्याची शक्यता जास्त. नारिंगी किंवा लालसर असेल तर तो बेन्झिन वलयाशी किंवा दुहेरी बंधाशी संलग्न असावा. पण अभिक्रियाकारकच मुळात नारिंगी असतो, म्हणून साका गाळून, थोड्या थंड इथेनॉलने धुऊन मगच रंग नोंदवा. शिवाय सिनॅमिल अल्कोहोलसारखी काही अल्कोहोलं सहज ऑक्सिडीकृत होऊन इथे खोटा होकार देतात.

साका टाकून देऊ नका. त्याचं काम शेवटी आहे.

दुसरी पायरी: टोलेन्सची चाचणी

अल्डिहाइड चांदीच्या क्षारातून चांदी सुटी करतात हे लीबिगने १८३५ मध्येच पाहिलं होतं, आणि काचेवर चांदी चढवून आरसे करायची पद्धत त्यातूनच पुढे आली. चाचणीला नाव मिळालं ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ बर्नहार्ट टोलेन्स यांचं. सगळ्या चाचण्यांत माझा सर्वांत जास्त भरवसा हिच्यावर आहे, आणि सर्वांत जास्त बिघडवली जाते तीही हीच.

अभिक्रिया शब्दांत लिहायची तर अशी:

अल्डिहाइड + २ डायअमाइन सिल्व्हर आयन + ३ हायड्रॉक्साइड आयन → कार्बोक्झिलेट आयन + २ चांदी + ४ अमोनिया + २ पाणी

कृती:

१. नळी गरम १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने किंवा विरल नायट्रिक आम्लाने धुवा, मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-चार वेळा. नळाचं पाणी नको. त्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा गढूळपणा येतो. धुतलेल्या नळीत पाण्याचा पातळ, अखंड पापुद्रा राहिला पाहिजे. थेंब सुटे सुटे राहत असतील तर काचेवर अजून तेलकटपणा आहे आणि आरसा धरणार नाही.

२. नळीत २ मिलीलिटर ५ टक्के सिल्व्हर नायट्रेट घ्या. १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा एकच थेंब टाका. लगेच मातकट तपकिरी साका येतो, तो सिल्व्हर ऑक्साइडचा.

३. आता २ टक्के अमोनिया थेंब थेंब घाला, प्रत्येक थेंबानंतर नळी हलवत. खरं कौशल्य इथे आहे. सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटतं, मग तपकिरी रंग विरळ होऊ लागतो, मग नळीतून पलीकडचं धूसर दिसायला लागतं. तळाशी चार-दोन कण तरंगत उरलेले असतात, तेव्हा घाई आवरा. पुढचा थेंब पूर्ण हलवून, क्षणभर थांबून मगच टाका. शेवटचे कण जेमतेम विरघळले की हात थांबवा. एखादा कण राहिला तरी चालेल. अमोनिया जास्त झाला की चांदीचे आयन त्यात घट्ट बांधले जातात आणि चाचणी बोथट होते. सावकाश अभिक्रिया करणारे अल्डिहाइड मग काही दाखवतच नाहीत.

४. नमुन्याचे दोन-तीन थेंब घाला. पाण्यात विरघळत नसेल तर आधी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून घ्या, आणि तेवढंच इथेनॉल कोऱ्या नळीतही घाला, कारण जुन्या इथेनॉलमध्ये ॲसिटाल्डिहाइडचा अंश असू शकतो.

५. एकदा नीट हलवा आणि स्टँडमध्ये ठेवून द्या. दहा मिनिटांत काही दिसलं नाही तर ५० ते ६० अंशांच्या बाथमध्ये पाच मिनिटं ठेवा. या काळात नळीला हात लावू नका. पुन्हा पुन्हा उचलून हलवली तर चांदी काचेवर धरण्याऐवजी काळ्या भुकटीच्या रूपात तळाशी बसते.

आरसा येतो तो एकदम येत नाही. द्रावण आधी किंचित पिवळसर, मग करडं होतं. काचेवर धुरकट तपकिरी छटा चढते, आणि मग कुठल्याशा क्षणी तीच छटा उजेड परतवू लागते. काळी भुकटी आली तरी तो होकारच आहे, फक्त नळी स्वच्छ नव्हती एवढाच त्याचा अर्थ. साधे कीटोन इथे काहीच दाखवत नाहीत.

आणि आता जी गोष्ट टाळताच येणार नाही ती. टोलेन्सचं द्रावण बाटलीत भरून ठेवायचं नसतं. लागेल तेवढंच, लागेल तेव्हा करायचं. उभं राहिलं किंवा वाळलं की त्यात सिल्व्हर नायट्राइड तयार होतं आणि ते नुसत्या धक्क्यानेही फुटू शकतं. नळी थेट ज्योतीवर धरू नका, द्रावण आटवू नका. काम झालं की त्याच तासाला सगळ्या नळ्यांतलं द्रावण विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा, मग मिठाचं द्रावण घालून चांदी क्लोराइडच्या रूपात खाली बसवा आणि चांदीच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. काचेवरचा आरसा काढायला नायट्रिक आम्ल लागतं. तपकिरी विषारी वाफा निघतात, म्हणून ते धूरकपाटातच. बोटांवर सिल्व्हर नायट्रेट सांडलं तर काळे डाग पडतात आणि ते कातडीबरोबरच जातात. साबणाचा उपयोग नाही.

तिसरी पायरी: फेलिंग, आणि त्याचा नकारही उपयोगी

जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फॉन फेलिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात साखर मोजण्यासाठी हे द्रावण योजलं. दोन भाग वेगळे ठेवतात. 'अ' मध्ये सुमारे ३४.६ ग्रॅम स्फटिकी कॉपर सल्फेट ५०० मिलीलिटर पाण्यात. 'ब' मध्ये १७३ ग्रॅम रोशेल मीठ, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टरेट, आणि साधारण ५० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, तेही ५०० मिलीलिटरमध्ये. टार्टरेट तांब्याच्या आयनांना धरून ठेवतं, नाहीतर अल्कलीत कॉपर हायड्रॉक्साइड खाली बसलं असतं.

ऐन वेळी दोन्ही भागांचा एकेक मिलीलिटर मिसळा. गडद निळं, स्वच्छ द्रावण मिळतं. मिसळून ठेवलेलं द्रावण स्वतःच हळूहळू बिघडतं. नमुना घालण्याआधी नुसतं द्रावण दोन मिनिटं उकळत्या बाथमध्ये ठेवून पाहा. निळं राहिलं तर पुढे जा. मग नमुन्याचे पाच-सहा थेंब घालून पाच ते दहा मिनिटं तापवा. निळ्याचं हिरवट, मग पिवळट, नारिंगी आणि शेवटी विटकरी लाल असा प्रवास होतो. हा लाल साका क्युप्रस ऑक्साइडचा. फॉर्माल्डिहाइड कधी कधी याच्याही पुढे जाऊन धातुरूप तांबंच काचेवर चढवतं.

आता महत्त्वाचं. बेन्झाल्डिहाइड टोलेन्सला आरसा देतं, पण फेलिंगला दाद देत नाही. सर्वसाधारणपणे ॲलिफॅटिक, म्हणजे साध्या साखळीचे, अल्डिहाइड फेलिंगला होकार देतात; अरोमॅटिक, म्हणजे बेन्झिन वलयाला जोडलेले, देत नाहीत. म्हणून 'फेलिंग नकारार्थी, म्हणजे कीटोन' असं लिहिणं ही सरळसरळ चूक, आणि जर्नलमध्ये ती वारंवार दिसते. टोलेन्स होकारार्थी आणि फेलिंग नकारार्थी अशी जोडी मिळाली तर हाताला अरोमॅटिक अल्डिहाइड लागल्याची ती चांगली खूण आहे. फेलिंगची खरी किंमत तीच. अल्डिहाइड आणि कीटोन वेगळे करायला टोलेन्स पुरेसा होता.

बेनेडिक्टचं द्रावण याचंच सौम्य भावंड, टार्टरेटऐवजी सायट्रेट आणि हायड्रॉक्साइडऐवजी कार्बोनेट असलेलं. ते एकत्र मिसळूनही टिकतं. साखरेसाठी उत्तम, साध्या अल्डिहाइडांसाठी तितकंसं नाही. इथे त्याच्या मागे लागू नका.

शिफ आणि क्रोमिक आम्ल: साक्षीदार म्हणून

शिफचा अभिक्रियाकारक म्हणजे फुक्सिन हा किरमिजी रंग सल्फर डायऑक्साइडने बिनरंगी केलेला. ह्यूगो शिफ यांनी तो १८६६ मध्ये मांडला. अल्डिहाइड त्याच्याशी जोडला की जांभळट किरमिजी रंग उमटतो. २ मिलीलिटर अभिक्रियाकारकात नमुन्याचा एक थेंब टाका, हलवा आणि दहा मिनिटं थांबा. ॲलिफॅटिक अल्डिहाइड झटकन रंग देतात, अरोमॅटिक जरा वेळ घेतात.

ही चाचणी तापवायची नाही. तापवलं की सल्फर डायऑक्साइड उडून जातो आणि मूळ फुक्सिनचा गुलाबी रंग परत येतो. त्यात अल्डिहाइडचा काही संबंध नसतो. अल्कलीचा अंशही हेच करतो. म्हणूनच सोडियम कार्बोनेटने धुतलेला नमुना इथे वापरताना आधी पाण्याने पुन्हा धुऊन घ्या. ॲसिटोनसुद्धा बराच वेळ ठेवला तर फिका रंग दाखवू शकतो, तेव्हा घड्याळ लावूनच निकाल नोंदवा. नवल म्हणजे ग्लुकोज, ज्यात कागदावर स्पष्ट अल्डिहाइड गट काढलेला असतो, इथे सहसा गप्प बसतो. त्याचा जवळजवळ सगळा वाटा वलयाच्या रूपात मिटलेला असतो.

क्रोमिक आम्लाची चाचणी पाहायला झकास आहे. १ मिलीलिटर शुद्ध ॲसिटोनमध्ये नमुन्याचा एक थेंब, वर क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि सल्फ्यूरिक आम्लाच्या द्रावणाचा एक थेंब. नारिंगी रंग जाऊन निळसर हिरवा गढूळपणा आला की होकार. अल्डिहाइडला काही सेकंदांपासून मिनिटभर लागतं. पण प्राथमिक आणि द्वितीयक अल्कोहोलंही इथे दोन-तीन सेकंदांत हिरवी होतात, त्यामुळे डीएनपी आधी होकारार्थी आलं असेल तरच हिला अर्थ. शिवाय षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. टोलेन्स नीट चालला असेल तर मी ही चाचणी लावणार नाही.

कीटोनची बाजू

गंमत अशी की सगळ्या कीटोनांना लागू पडेल आणि एकाही अल्डिहाइडला पडणार नाही अशी सोपी, सरसकट चाचणी हाताशी नाही. 'डीएनपी आहे, टोलेन्स नाही' ही वजाबाकीच कीटोनची मुख्य ओळख. पुढच्या चाचण्या कीटोन कोणत्या जातीचा ते सांगतात.

आयोडोफॉर्म चाचणी मिथिल कीटोन पकडते, म्हणजे कार्बोनिलच्या एका बाजूला मिथिल गट असलेले. नमुन्याचे चार-पाच थेंब २ मिलीलिटर पाण्यात घ्या (न विरघळल्यास डायॉक्झेन), १ मिलीलिटर १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड घाला, मग पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवलेलं आयोडिन थेंब थेंब, तपकिरी छटा टिकेपर्यंत. दोन मिनिटं ६० अंशांच्या बाथमध्ये ठेवा, उरलेली छटा अल्कलीच्या एखाद्या थेंबाने घालवा आणि पाणी घालून थंड करा. फिकट पिवळे स्फटिक आणि दवाखान्यासारखा वास म्हणजे आयोडोफॉर्म. द्रवणांक साधारण ११९ ते १२१ अंश. ॲसिटाल्डिहाइडही इथे होकार देतं (अल्डिहाइडांत एकटं तेच), आणि इथेनॉलसुद्धा. म्हणून इथेनॉल द्रावक म्हणून वापरायचं नाही. अल्कली म्हणून अमोनियाही नको, कारण आयोडिन आणि अमोनिया मिळून नायट्रोजन ट्रायआयोडाइडसारखा स्फोटक पदार्थ होऊ शकतो.

सोडियम नायट्रोप्रुसाइडचं ताजं द्रावण आणि सोडियम हायड्रॉक्साइड मिळून मिथिल कीटोनला लाल रंग देतात. लघवीतले कीटोन पदार्थ तपासणाऱ्या पट्ट्या याच रसायनावर चालतात. ॲसिटाल्डिहाइड इथेही तांबूस होऊ शकतं, तेव्हा ही चाचणी टोलेन्सच्या नंतर, आधी नाही.

सोडियम बायसल्फाइटचं संपृक्त द्रावण १ मिलीलिटर घेऊन त्यात नमुन्याचे काही थेंब टाका, बूच लावून जोरात हलवा आणि बर्फात ठेवा. अल्डिहाइड, लहान मिथिल कीटोन आणि सायक्लोहेक्झेनोनसारखे वलयी कीटोन पांढरे स्फटिक देतात. ॲसिटोफेनोन आणि बेन्झोफेनोन देत नाहीत. या स्फटिकांवर विरल आम्ल घातलं की मूळ अल्डिहाइड परत मिळतं, त्यामुळे अल्डिहाइड शुद्ध करायलाही ही युक्ती वापरतात.

फसवणारी मंडळी

फ्रुक्टोज कीटोन आहे, तरी टोलेन्स आणि फेलिंग दोन्हींना होकार देतो. कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असला की अल्कलीत एनडायॉल हे मधलं रूप तयार होतं; तेच सहज ऑक्सिडीकृत होतं आणि त्यातूनच फ्रुक्टोजचं काही प्रमाणात ग्लुकोज व मॅनोजही होतं. बेन्झॉइनही याच कारणाने आरसा देतं. म्हणजे टोलेन्सचा होकार म्हणजे 'अल्डिहाइड किंवा शेजारी हायड्रॉक्सिल असलेला कीटोन'.

फॉर्मिक आम्लही चांदी सुटी करतं, कारण त्याच्या रेणूत अल्डिहाइडसारखाच हायड्रोजन आहे. पण ते डीएनपीला साका देत नाही आणि सोडियम बायकार्बोनेटवर फसफसतं. डीएनपी पहिली का घ्यायची, याचं हे एक चांगलं उदाहरण. हायड्रॅझिन, हायड्रॉक्सिल अमाइन आणि काही बहुहायड्रॉक्सी फिनॉलंही चांदी सुटी करतात.

एक नमुना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, कडू बदामासारख्या वासाचा बिनरंगी द्रव आला. वासावरून नाव मनात येतंच, पण ते जर्नलमध्ये लिहू नका. डीएनपी घातलं, नारिंगी साका लगेच. कार्बोनिल आहे आणि बहुधा संलग्न. बायकार्बोनेटवर फसफस नाही. टोलेन्सला थंडीत काही नाही, कोमट केल्यावर आरसा. फेलिंग दहा मिनिटांनीही निळाच, आणि शेजारच्या नळीत ओळखीचं ॲलिफॅटिक अल्डिहाइड लाल झालेलं, म्हणजे फेलिंग शाबूत आहे. शिफचा रंग सावकाश आला. आयोडोफॉर्म नाही. अनुमान: अरोमॅटिक अल्डिहाइड.

दुसऱ्या नमुन्यात डीएनपी होय, टोलेन्स नाही, आयोडोफॉर्म होय, बायसल्फाइट नाही, असं आलं तर मिथिल गट आणि बेन्झिन वलय दोन्ही बाळगणारा कीटोन समोर येतो. ॲसिटोफेनोन त्या वर्णनात बसतं. तिसऱ्यात डीएनपी होय, टोलेन्स नाही, आयोडोफॉर्म नाही, बायसल्फाइट होय: सायक्लोहेक्झेनोनचा विचार करा. आणि डीएनपीखेरीज सगळीकडे नकारच आला तर दोन्ही बाजूंना बेन्झिन वलयं असलेलं बेन्झोफेनोन आठवा.

शेवटी त्या साक्याकडे

पहिल्या पायरीत जपून ठेवलेला डीएनपीचा साका आता इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकीकृत करा, वाळवा आणि द्रवणांक घ्या. ॲसिटोनचा हायड्रॅझोन १२६ अंशांच्या आसपास वितळतो, सायक्लोहेक्झेनोनचा १६२च्या आसपास, बेन्झाल्डिहाइडचा २३७ला. इथवर सोपं आहे. पण बेन्झोफेनोनचा हायड्रॅझोनही २३८ ते २३९ला वितळतो. नुसत्या द्रवणांकावर एका अंशाच्या फरकाने अल्डिहाइड आणि कीटोन वेगळे करायला गेलात तर तापमापकच तुम्हाला चकवेल. इथे टोलेन्सच्या नळीतला आरसा निर्णय देतो, आणि तरीही शंका राहिली तर मिश्र द्रवणांक घ्या: तुमचा साका आणि खात्रीच्या बेन्झाल्डिहाइडपासून केलेला साका समप्रमाणात खलून केशनलिकेत भरा. मिश्रण २३७लाच स्वच्छ वितळलं तर दोन्ही एकच. बऱ्याच अंशांनी आधीच, लांबट पट्ट्यात ओघळू लागलं तर दोन्ही वेगळे.